पाण्याच्या थानावरचं मडकं

दिसिन गावच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघी बसल्या होत्या.

"अयुओकाकी, गुडघे बघ किती सुजलेत! सोड आता ती पाण्याच्या थानावर, देवाच्या जागी, रोज मडकं भरून ठेवायची सेवा. कुणी बळजबरी केलीय का?"

"मीच हौसेनं घेतली, आता सोडवत नाही. कुणाच्याही घरी माणूस गेलं की सगळे तिथंच रडायला येतात. मडकं रिकामं असलं तर तोंड कशानं धुवायचं त्यांनी?"

"आणि तू? झिएम गेला, पोटचा पोरगा, तेव्हा तरी रडलीस?"

"मडकं जिच्याकडे, तिनं रडायचं नसतं. पाणी बाटतं."

"मग उद्या मडकं मी भरते. तू ये आणि मनसोक्त रड."

"उद्या नको गं बाई. बाजाराचा दिवस, गावोगावची माणसं येतात, रडणाऱ्यांची रीघ लागते. तुला एकटीला झेपायचं नाही."