रिठ्याचं पाणी

हसू नका! तुमच्या हातात काळी पडलेली सोन्याची पट्टी आली असती, तर तुम्ही काय तिला हळदकुंकू लावलं असतं? तुम्हाला सांगतो, जळगावच्या सराफ बाजारात पंचेचाळीस वर्षं दागिने उजळले मी. काळं सोनं दिसलं की हात आपोआप रिठ्याच्या पाण्यात जातो... पण विचारायला काय जात होतं माझं?

नात माझी, मृणाली. इथल्याच कॉलेजात संशोधन करते. गेल्या आठवड्यात डबी घेऊन आली. "नाना, ही सोन्याची पट्टी, वर प्लास्टिकचा पातळ थर. प्लॅटिनमचं मीठ विरघळलेल्या पाण्यात बुडवली, मग दुसऱ्या औषधात. त्या औषधानं मिठातलं प्लॅटिनम सुटतं नि थरातच कण धरून बसतं." म्हटलं, "वीज न लावता?" म्हणे, "न लावता!" आता मुलामा देण्यात जन्म गेला माझा, आणि ही मला शिकवते! पुढचं ऐकलंच नाही मी. आणि पुढचंच तर कामाचं होतं... ते कण इतके बारीक, की काळेच दिसतात!

ती अंघोळीला गेली. पट्टी उद्या धुळ्याला मोठ्या सरांना दाखवायची, आणि रूप कसं, तर तव्याच्या बुडासारखं! माझ्या नातीनं असली न्यायची? घेतला ब्रश, घेतला रिठा... निघेना. नखानं उचकटलं, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं सगळंच हातात आलं! खाली सोनं, लखलखीत! मिशीला पीळ देऊन डबीत ठेवली... विचारायला काय जात होतं?

पोरीनं डबी उघडली. पट्टी पाहिली, डबी मिटून ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं... ओरडली ती सुमन, माझी बायको. "हाई काय करं तुम्ही!" पाच महिन्यांचं काम हो ते!

दुसऱ्या दिवशी मीच तिच्याबरोबर धुळ्याला गेलो. चूक माझी, सांगायला नको? सरांनी पट्टी उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "एक ओरखडा नाही! कुणी साफ केली हो?" पंचेचाळीस वर्षांत एका सराफानं एवढं तोंड उघडून म्हटलं नव्हतं... आणि मला मान वर करता येईना.

मृणाली पुन्हा पहिल्यापासून कामाला बसलीय. मला म्हणते, "नाना, जेवून घ्या." बस्स, एवढंच.

काल सुमननं काळे पडलेले पैंजण पुढ्यात टाकले. "द्या उजळून." रिठा भिजलेला, ब्रश हातात... म्हटलं, थांब. आधी मृणालीला फोन लाव.