चहा खाली ठेवणारे पाहुणे

...आणि याला म्हणे सेवा म्हणतात. कसली सेवा? तुम्हाला सांगतो, आमच्या अर्विंगमध्ये, इथे टेक्सासात, माझ्या घराला लागून एक म्हातारा राहतो, अबू नबील, जॉर्डनचा, माझ्याच वयाचा, पंचाहत्तरीचा, हाडापेराने मजबूत, बैल उचलेल असा, आणि त्या माणसाने गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या हाताने संत्रं सोललेलं नाही. सून सोलते. नुसती सोलत नाही, ते पांढरे धागे असतात ना, तेही काढते, एकेक करून, आणि मग फोड त्याच्या तोंडासमोर धरते. आणि मी समोर बसलेला. नागपूरचा माणूस. संत्र्याचे हे हाल माझ्या डोळ्यांदेखत... पण मी काही बोललो नाही. आपल्याला बोलायची सवय नाही.

तुम्ही सगळे आपले लोक, बुद्धवंदना झालेली आहे, जेवणाला अजून अर्धा तास आहे, म्हणून सांगतो. एरवी मी सांगत नाही.

आता हे अबू नबील काय नाव झालं? अबू म्हणजे बाप. नबीलचा बाप. त्यांच्याकडे थोरला मुलगा झाला की बापाला त्याच्याच नावाने हाक मारतात, मान म्हणून. या माणसाचं खरं नाव मला आठ महिन्यांनी कळलं, तेही औषधाच्या बाटलीवरून. मला म्हणाले, मग तुम्ही अबू राकेश. मी म्हटलं नको. माझं नाव सुभाष आहे, एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं हजेरीपटावर तेच होतं, आता मुलाच्या नावावर चढवू नका.

तर हा अबू नबील खोलीत आला की सगळे उठतात. जेवणारा जेवता जेवता उठतो, फोनवर बोलणारा बोलता बोलता उठतो, तीन मुलं, तीन सुना, नातवंडं किती ते मला अजून माहीत नाही, सगळी उठतात, हाताचा मुका घेतात, हात कपाळाला लावतात, आणि तो बसेपर्यंत कोणी बसत नाही. एकदा तो विसरून पुन्हा उठला, चष्मा राहिला होता. सगळे पुन्हा उठले. मीसुद्धा उठलो. का उठलो? विचारू नका. एकटं घरात ठेवत नाहीत त्याला, पाळ्या लावल्यात, सोमवारी हा, मंगळवारी तो, आमच्या डेपोत रात्रपाळीलासुद्धा इतकी शिस्त नव्हती. बिचाऱ्याने एकदा अंगणात झाडांना पाणी घालायला नळी उचलली, तर दोन मुलं आणि एक सून अशी धावली, की मला वाटलं म्हाताऱ्याने साप पकडला. नळी काढून घेतली. खुर्ची आणली. उशी आणली. बसवला.

मग तो काय करतो माहीत आहे? दुपारी हळूच माझ्या गॅरेजमध्ये येतो. मी त्याला पाना देतो. तो एक बोल्ट आवळतो. मग सैल करतो. मग पुन्हा आवळतो. अर्धा तास. चेहऱ्यावर असं समाधान, की काय सांगू. त्याला हिंदी येत नाही, मला अरबी येत नाही, दोघांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे आमचं उत्तम जमतं.

आणि माझ्या घरी? माझ्या घरी सेवा वायरलेस. राकेश माझा एकुलता एक, सून हर्षिता, दोघंही कंपनीत, नात रोशनी चौथीत. माझी बायको रमाबाई गेल्यावर राकेशने मला इथे आणलं. माणूस चांगला आहे, पण इंजिनियर आहे. फेब्रुवारीत मी त्याच्या गाडीचा टायर बदलत होतो. बर्फ होता, पाय सरकला, कोपर खरचटलं. एवढंच. झालं, दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कॅमेरा, माझ्या मनगटावर घड्याळ, मी जोरात बसलो तरी ते घड्याळ राकेशला फोन करतं, बाबा पडले म्हणून, आणि गोळ्यांचा एक डबा, तो वेळेवर शिट्टी मारतो. रोशनी म्हणते, "आजोबा, यू आर ग्राउंडेड," म्हणजे शिक्षा म्हणून घराबाहेर जायची बंदी. पोरीला काही चूक म्हणता येत नाही. पण मी काही बोललो नाही.

बोललो असतो, पण त्याच आठवड्यात हर्षिता फोनवर कोणाला तरी म्हणाली, मला वाटतं तिच्या मैत्रिणीला, "नाही गं, कॅलिफोर्नियाचं, सनीव्हेलचं प्रोजेक्ट कॅन्सल केलं मी. दोन महिने बाबांना सोडून कसं जमेल? राकेशही नसतो दिवसभर." चांगल्या मनाने म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. तोच मला लागला. तक्रार केली असती तर भांडता आलं असतं, चांगुलपणाशी कोण भांडणार? मी आयुष्यात कोणाच्या अंगावर पडलो नाही. सकाळी राकेशला म्हटलं, "माझ्यासाठी घर बघ."

"घर म्हणजे?"

"म्हाताऱ्यांचं असतं ना इथे. सीनिअर अपार्टमेंट."

 तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला हवंय का?"

आता हा काय प्रश्न झाला? बापाला असं विचारतात? हो म्हटलं तर गेलो, नाही म्हटलं तर भार झालो. मी म्हटलं, "बघू." शनिवारी घेऊन गेला. तिसरा मजला, एक खोली, एक ओटा, बाथरूममध्ये लाल दोरी, पडलात तर ओढा म्हणे. पडलेला माणूस दोरीपर्यंत कसा पोचणार, ते कोणी सांगितलं नाही. मॅनेजर बाई हसून म्हणाली, "यू विल लव्ह इट हिअर, मिस्टर सुबॅश." राकेशने विचारलं, "आवडलं?" मी म्हटलं, "चांगलं आहे." मला वाटलं, आता हा म्हणेल, चला बाबा, घरी जाऊ, काय वेडेपणा चाललाय. त्याने खिशातून पेन काढलं आणि फॉर्म भरला. घरून पेन घेऊन आला होता, बघा. मी काही बोललो नाही.

पहिल्या तारखेला जायचं ठरलं. मी खोकी भरली, बाबासाहेबांचा फोटो शेवटी गुंडाळायचा म्हणून भिंतीवरच ठेवला, आणि एक खोकं घेऊन बाहेर आलो तर समोर नबील. हा दुबईत सहा वर्षं होता, तिथल्या आपल्या लोकांत राहून हिंदी शिकला, त्याची हिंदी म्हणजे सगळे शब्द हजर, पण कोणी रांगेत नाही.

"अंकल, किधर जाता?"

"बूढ़ा लोग का घर."

"राकेशभाई भी जाता?"

"अकेला."

त्याचा चेहरा असा पडला, जसं कोणी गेल्याची बातमी दिली. "राकेशभाई भेजता?"

आता इथे मी सांगायला हवं होतं, की बाबा रे, मीच जातोय, माझीच खाज. कबूल करतो. पण त्याचा तो पडलेला चेहरा बघून मला थोडं... बरं वाटलं. तीन आठवड्यांत कोणाचा चेहरा पडला नव्हता ना. मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी दाराची बेल. राकेशने उघडलं. बाहेर अबू नबील, अंगात काळा कोट, बाजूला नबील, आणि मागे चार म्हातारे, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात माळ, सगळे असे गंभीर, की मला वाटलं दार चुकलेत. आत आले, ओळीने बसले. हर्षिताला काय आनंद. पहिल्यांदाच सगळे एकत्र आलेले. तिने घर घेतलं तेव्हाचे कप काढले, सोनेरी काठाचे, आजवर खोक्याबाहेर न आलेले, आलं ठेचून चहा केला, सहा कप ट्रेमध्ये, अबू नबीलसमोर पहिला.

अबू नबीलने कप घेतला. टेबलावर ठेवला. दोन बोटांनी थोडा पुढे सरकवला.

दुसऱ्याने ठेवला. तिसऱ्याने ठेवला. सगळ्यांनी ठेवला.

 तुमच्यातल्या जुन्या लोकांना याचा अर्थ सांगायला नको. शाळा सातवीपर्यंत झाली माझी, पण लोक चहा कसा नाकारतात या विषयात मी डॉक्टर आहे. आत्ताच घेतला. आज उपास आहे. पित्त झालंय. डॉक्टरने बंद केलाय. राकेशच्या बारशाला आमच्या डेपोचा फोरमन आला होता, कप हातात घेतला, गप्पा मारल्या, छान छान म्हणाला, आणि जाताना कप खिडकीत तसाच. भरलेला. रमाबाईने तो चहा मोरीत ओतला, आणि तो कप पुन्हा कोणाला दिला नाही. आणि आता अमेरिकेत, सात समुद्र ओलांडून, ज्याला मी माझा पाना हातात दिला, तो माणूस, माझ्या सुनेचा चहा... कोणी सांगितलं याला? कोणी शिकवलं? इथेही पोचलं?

हर्षिता ट्रे धरून उभी. तिलाही तेच वाटलं. तिच्या चेहऱ्यावर मी रमाबाई बघितली.

मी उठलो. तुम्हाला सांगतो, मी कधी बोलत नाही, त्या दिवशी बोललो. "नबील, अपने बाप को बोल, यहाँ चाय नहीं पीना, तो मेरे गॅरेज में भी नहीं आना. उठ."

आणि मी उठलो म्हणून, काय सांगू तुम्हाला, ते सहाच्या सहा उठले. मान द्यायला. आता उभ्या माणसाला हाकलायचं कसं?

नबील घाबरून हात हलवत, "नहीं अंकल, नहीं, ये रिवाज है हमारा. जाहा बोलता. किसी के घर कुछ बड़ा चीज माँगने को आता, तो बुजुर्ग लोग साथ में आता, और कॉफी नीचे रखता. पहले माँगता. घरवाला हाँ बोला, तो पीता. हाँ नहीं बोला, तो नहीं पीता." कप नाकारण्यासाठी नाही, म्हणे, होकार मिळेपर्यंत अडवून धरण्यासाठी. शादीला मुलगी मागताना करतात, खून झाला तर माफी मागताना करतात.

"मग इथे कोणाचा खून झालाय?" मी विचारलं.

नबील राकेशकडे वळला आणि इंग्रजीत बोलला, रोशनीने मला सांगितलं. माझे वडील तुमच्याकडे मागायला आलेत, तुमच्या वडिलांना घराबाहेर पाठवू नका.

राकेश पांढराफटक. "मी पाठवत नाहीये. त्यांनीच सांगितलं. त्यांनाच जायचंय."

नबीलने अरबीत सांगितलं. पाच म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या, माझ्याकडे. एकदम. वर्कशॉपात साहेबांपुढे उभा राहिलो तेव्हाही मला इतकं अवघडलं नव्हतं. अबू नबील खूप वेळ बोलला, हात छातीवर ठेवून, डोळे माझ्यावर. नबीलने त्याचं एवढंच केलं, "बाबा पूछता, आप को जाना मांगता?"

 चहावर साय धरायला लागली.

राकेश म्हणाला, "बाबा, मी तीन आठवडे वाट बघतोय, तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

"मग तूच का नाही म्हणालास?"

"तुमच्यापुढे आजवर कोण बोललंय?"

"पेन कशाला आणलं होतंस?"

"बाबा, माझ्या खिशात पेन असतंच."

असतंच. लहानपणापासून असतं, मीच लावलेली सवय. मी हर्षिताकडे बघितलं. म्हटलं, "तू सनीव्हेलला जाणार असशील तर."

"कुठे?"

"प्रोजेक्टला. कॅन्सल केलं ते पुन्हा चालू कर. मी ऐकलंय सगळं."

ती रडायला लागली, म्हणजे झालंच. नबीलला काय कळलं देव जाणे, म्हणजे देव कसला, आपल्यात नाही तो, पण नबील म्हणाला, "भाभी, आप जाओ, दो महिना हम है, तीन घर है, अंकल हमारा है."

 आणि समोर ते सहा कप. भरलेले. मला ते बघवेनात. मी म्हटलं, "त्यांना चहा प्यायला सांग."

"मतलब?"

"मतलब राहतो."

अबू नबीलने कप उचलला. सगळ्यांनी उचलला. एका घोटात. अबू नबील काहीतरी पुटपुटला आणि सगळे म्हातारे हसले. मी म्हटलं, काय म्हणतोय? नबील म्हणाला, "बाबा बोलता, चाय ठंडा हो गया."

होणारच. मी म्हटलं, थांबा, दुसरा टाकतो, आणि उठलो. "बाबा, तुम्ही बसा," हर्षिता. "बाबा, बसा," राकेश. "अंकल, बैठो बैठो," नबील. आणि अबू नबीलने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं तुरुंगातला जुना कैदी नव्याकडे बघतो.

बसलो. हर्षिता सनीव्हेलला गेली, पाळ्या लागल्या, सोमवारी हा, मंगळवारी तो. आत्तासुद्धा माझं ताट आणायला राकेश रांगेत उभा आहे, बघा तिकडे. मी म्हटलं मी आणतो. नाही म्हणाला.

तेव्हाचा बसलोय.