कपाटातली पाणअस्वलं

हॅलो?… हो, आईच बोलतेय. दुसरं कोण उचलणार? तुझे बाबा नुसता वाजू देतात…

आवाज का असा बसलाय तुझा?… सगळी?… एकही उठलं नाही?… पाणी घालून पाहिलंस?… हो, हो, घातलंच असशील. मी आपलं विचारलं.

अगं, पण तूच सांगायचीस ना, पाणअस्वलं वाळून खडखडीत झाली तरी मरत नाहीत म्हणून? पाय आत घेतात, गोळा होऊन पडून राहतात, आणि पाणी मिळालं की… तेच ना. मी शेजारणीलाही सांगितलं. शेवाळातले डोळ्यांना न दिसणारे जीव ते, पण तिला वाटतं तू खऱ्या अस्वलांकडे नोकरीला आहेस.

कुठली पुडी?… हां, ती. गच्चीच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून ठेवलं होतंस, ती… आहे की. कपाटातच… म्हणजे, आहे.

हो, आठवतंय. गेल्याच आठवड्यात तू बाबांना म्हणालीस, लागली तर कुरियरने पाठवा… उद्याच?… आणि सर काय म्हणतात?… हीसुद्धा उठली नाहीत तर संशोधनाचा विषयच सोडायचा? एवढी वर्षं घालवून?

अगं ऐक ना… तू बसली आहेस का?… आधी बस. नाही गं, बाबांना काही झालेलं नाही. ठणठणीत आहेत, म्हणून तर नसते उद्योग सुचतात…

पुडी ओली झाली.

झाली म्हणजे… केली. बाबांनी. काल. म्हणाले, बिचारी दोन वर्षं तहानलेली आहेत, आणि बशीत शेवाळ काढून चमच्याने पाणी… नाही, ते फोनवर येणार नाहीत. दाराआड उभे आहेत. मला पाय दिसतायत…

चिंगे, रडू नको गं. ऐकशील का माझं?… चालतायत ती.

हो. चालतायत. तुझा शाळेतला मायक्रोस्कोप काढला माळ्यावरून. आधी मला माझीच पापणी दिसत होती. मग दिसलं एक. गुबगुबीत, आठ पाय, आणि चाल कशी, तर जेवून उठल्यावर तुझे बाबा चालतात तशी… एक नाही गं, बरीच आहेत. बाबांनी नावंही ठेवलीत. एकाला तुझं ठेवलंय…

अगं, हसतेस की रडतेस? एक काय ते कर.

कशी वाळवली होतीस?… मला काय विचारतेस, तूच कागदात गुंडाळून सावलीत ठेवलं होतंस. आठवडाभर कुणाला हात लावू देत नव्हतीस… आणि तिकडे लॅबमध्ये?… उघड्या काचेवर, पंख्याखाली… म्हणजे बिचाऱ्यांना गोळा व्हायला वेळच मिळाला नाही?… हं… जाऊ दे, घाईत होतं असं. आता कळलं ना? मग विषय सोडायचा नाही.

पुन्हा वाळवता येतील? मग काय, आत्ताच एका डबीत भरून कुरियरने… ओली नाही चालणार?… वाटेत कशीही वाळतील… मग आम्हाला जमेल का ते सावकाश वाळवायला?… बरं, बरं, नाही हात लावत. मग करायचं काय?

कोण?… तू?… शनिवारी?

राहशील ना?… आठवडाभर?… छे, मी कुठे रडतेय. सर्दी झालीय जरा… हो गं, कामं असतात, मला का कळत नाही? पण वर्ष झालं तुला बघून. घर खायला उठतं कधी कधी. बाबा बोलत नाहीत, पण तुझ्या खोलीतल्या घड्याळाला रोज किल्ली देतात.

थांब, त्यांना सांगते… अहो, या बाहेर. रागावलेली नाही ती. शनिवारी येतेय. हो, स्वतः. ओली अस्वलं कुरियरने पाठवता येत नाहीत म्हणून…

अहो, हसताय काय असे?

…चिंगे, ठेवते हं मी फोन. मला आधी यांना एक विचारायचंय.