मव्हाच्या फांदीवरची झोळी

रडणं थांबलं ना, तवाच माझा जीव गेला. रडत होता तवर मला माहीत होतं, हाय, झोळीत हाय. तिकडं वढ्याकाठी मव्हाला झोळी बांधलेली, आन् इकडं अप्पाच्या सागाच्या रानात मी, पायात त्यांनी दिलेले मोठाले बूट, समोर तपासणीवाल्या मॅडम, आन् माझं दात बी न आलेलं लेकरू एकाएकी गप. वढ्याला रानडुकरं येतात वो.

थांबा, पहिल्यापसून सांगते. मी हितलीच, भोकरच्या बाजूची. सातवीत शाळा सुटली, लगीन बी गावातच, मामाच्या पोराशी. माझी माय जंगलात तेंदूपत्ता तोडायला जायची तवा मला ह्याच मव्हाला टांगायची. काय सांगू तुम्हाला, लई चांगले दिस होते. पहाटं मव्हाची फुलं टपटप पडायची, माय फुलं येचायची आन् एखादं माझ्या तोंडात द्यायची, मी चोखत पडायची. जरा मोठी झाले तर तेंदूची फळं, टेंभरं, खाऊन तोंड चिकट. लेकरं कुठं ठेवता असं कुणी विचारत नव्हतं, लेकरं मायजवळच असायची.

मग जंगलाला लागून अप्पानं साग लावला. अप्पा मालक, पण लिंगायत, गळ्यात लिंग, सरळ माणूस, बाईला अगं म्हणत न्हाई. आम्ही बाया तिथंच निंदायला, फांद्या छाटायला. मागं अप्पानं शिक्का घ्यायचं ठरवलं. परदेशात खुर्च्या-टेबल घेणारी माणसं विचारतात म्हणे, हे लाकूड जंगल मारून आणलं का, बाया-लेकरांचे हाल करून आणलं का. तसं न्हाई असं तपासून शिक्का देतात. सरकारची जबरदस्ती बिलकुल न्हाई, ज्याला पाहिजे त्यानं आपखुशीनं घ्यायचा.

तर तपासणीच्या आदल्या दिशी मुकादम म्हणला, कामावर लेकरू दिसलं तर शिक्का गेला समजा. घरी सासू आंधळी, मी कुणाजवळ ठेवू? तो म्हणला वढ्याकडं ठेव, तिकडं कोण बघतंय. सकाळी बूट वाटले, टोप्या वाटल्या, सांजच्याला परत घेणार, दुसऱ्याच्या रानातल्या तपासणीला लागतात म्हणून. आमच्यातली काशीमावशी म्हणली, आज आपून नवऱ्या हाव, दागिने उसने.

मॅडमनं विचारलं, लेकरं आणता का कामावर? सगळ्या न्हाई म्हणल्या, मी बी म्हणले. आन् तेवढ्यात वढ्याकडं माझा रडला. मुकादम खाकरून राहिला, काशीमावशी म्हणली मोर हाय मॅडम, ह्या दिसांत लई वरडतो, बाया पदरात हसल्या. माझ्या चोळीला दूध आलं. आन् मग ते गप.

मी पळले. बूट कुठं निसटले मालूम न्हाई. जाऊन बघते तर वर फांदीवर वानरीण बसलेली, पोटाला पिल्लू धरून, आन् माझं लेकरू झोळीतून तिला बघून राहिलं, टकामका. मी घेतला, पाजला. मॅडम मागं येऊन उभ्या. म्हणल्या, ह्याला हितं एकटं कशाला ठेवलं? मी म्हणले, तुम्ही येणार होता म्हणून.

त्या दगडावर बसल्या. वही मांडीवर घेतली, पेन काढला. मी म्हणले लिहू नका बाई, माझं काम जाईल. त्या म्हणल्या, लिहिलं न्हाई तर मी येऊन उपयोग काय. ते बी खरंच.

मॅडमनं लिहिलं, तरी शिक्का मिळाला. गेटवर झाडाचं चित्र काढलेला बोर्ड हाय. चांगलं झालं न्हाई असं मी म्हणणार न्हाई, पाला पेटवणं बंद झालं, वढ्याकडंची झाडं आता कुणी तोडत न्हाई, माझा मव्हा वाचला. लेकरांसाठी सावली करा, सांभाळायला बाई ठेवा असं बी मॅडमनं लिहिलं होतं म्हणे, ते मातर झालं न्हाई. झालं एवढंच, लेकरावालीला बोलवत न्हाईत. अप्पा हात जोडून म्हणला, पोरी, लेकराचं अंगावरचं दूध सुटलं की ये.

बूट तेवढे मुकादम अजून मागून राहिला.

आता मी घरी. कधी लेकराला घेऊन मव्हाखाली जाते. फांदीवर दोरीचा वळ हाय, मायच्या दोरीचा, माझ्या दोरीचा. अप्पाचं भलं होवो, मॅडमचं बी होवो. पण तुम्ही सांगा, तुमचं लेकरू असं गप झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?