चालत चालत तीन आऊट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मॅनेजरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे फोरमनदादा, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि भाषणं कधी संपतात याकडे डोळे लावून बसलेल्या कारखान्यातल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी आत्ताच आमच्या बेसबॉल संघातल्या दादांच्या त्या गाजलेल्या खेळीचा गौरव केला. एकट्याने एका दमात तिघे आऊट! 'केवढं प्रसंगावधान!' असं ते म्हणाले. मीही मान डोलावली. पण दादा आज निवृत्त होतायत, आता खरं सांगायला काय हरकत आहे? वहिनी, तुम्ही जरा कान झाका.

रंगकारखान्याशी अंतिम सामना होता. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर त्यांचा एकेक रनर, म्हणजे पळणारा गडी, आऊट एकही नाही. चेंडू सणसणत आला आणि दुसऱ्या बेसजवळ उभ्या दादांनी तो हवेतच झेलला. एक आऊट. दादांना वाटलं, हा तिसरा, डाव संपला! चेंडू हातात धरून ते निवांत आमच्या बाकाकडे निघाले. वाटेत दुसरा बेस होता, त्यावर त्यांचा पाय पडला. तिथला रनर झेल होण्याआधीच पुढे पळालेला, परत आलाच नव्हता; आणि झेल गेल्यावर रनर परतायच्या आत चेंडूवाल्याचा पाय त्याच्या बेसवर पडला, की तो आऊट. दोन. पहिल्या बेसवरून जीव खाऊन पळत आलेला दुसरा गडी थेट दादांवर आदळला, हातातला चेंडू त्याच्या छातीला टेकला, आणि बेसबाहेर चेंडू टेकला की रनर आऊट. तीन! दादा त्याला म्हणाले, "अरे, बघून चाल की!"

हसा, हसा. दादांना मात्र ते फार लागलं. तीनदा त्यांना कप्तानपद देऊ केलं, तीनदा नाही म्हणाले. "ज्याला आऊट मोजता येत नाहीत, त्याने संघ काय सांभाळायचा?" हे फक्त मला सांगायचे. म्हणून अकरा वर्षं कप्तान मी! आज सकाळी म्हटलं, निदान प्रशिक्षक तरी व्हा. पुन्हा तेच उत्तर.

मंडळी, आमच्या संघात आऊट मोजायचे पहिल्या बेसवाल्याने, आणि बोटांनी सगळ्यांना दाखवायचे. पहिल्या बेसवर मी होतो. शेजारच्या रनरची दाढ दुखत होती, मी तिची चौकशी करत होतो. न मोजताच दोन बोटं वर केली. दादा, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, एवढीच तुमची चूक. आणि कप्तानपद जाईल म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसलो, याची मला खरोखर लाज वाटते.

तेव्हा प्रशिक्षक व्हायला नाही म्हणायचं आता तुमच्याकडे कारण उरलेलं नाही.

आयोजकांनी भरवशाने माईक हाती दिला, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी मी दादांकडे मागतो... अहो दादा, उठलात का? माईक घ्यायला येताय, की मी पळू?