विहिरीतली गेरूची रेघ

(वर्सोवा कोळीवाडा. अंजनाबाई आणि शेजारीण मथुरा अंगणात सुके बोंबील निवडत बसल्या आहेत.)

मथुरा : तुझ्या सुनेला आवर, अंजना. चार दिवस झाले, बघावं तेव्हा विहिरीवर ओणवी. दोरी सोडते काय, पुटपुटते काय. काल तर आत दगडावर तांबडी रेघ ओढली. बायका करणी म्हणतात. पाणी भरायला भितात.

अंजनाबाई : मला तरी कुठं आवडतं? शिकलेली सून आणली ती काय विहिरीत डोकवायला? पण करणी करायला तिला सवड कुठाय गो, मरोळच्या कंपनीत दिवसभर डोकं फोडते. ती बघ, आली. क्षमा, इकडं ये. ती रेघ कसली?

क्षमा : गेरूची, आई.

अंजनाबाई : गेरू मलाही कळतो. ओढलीस कशाला?

क्षमा : कंपनी गुजरातेत जमिनीखाली वायू कोंडणार आहे. सोड्याच्या बाटलीत असतो ना, तो. वायू भरला की खालचं पाणी दाबलं जातं, आणि तो दाब लांब पसरतो. तिथं गावाला लागून तेलाची जुनी विहीर आहे, बुजवलेली. तिचं बूच कच्चं, दाब आला तर निघेल आणि खालचं सगळं गावात वर येईल. साहेब म्हणतात, दाब तिथवर जाणारच नाही, भरा जोरात. माझं गणित म्हणतं, जाईल. उशिरा जाईल, पण जाईल.

अंजनाबाई : मग आपल्या विहिरीनं काय घोडं मारलंय?

क्षमा : खाडीला भरती आली की तिचा रेटा जमिनीतून विहिरीला लागतो. पाणी चढतं, पण मागाहून, आणि थोडंच. किती, ते त्याच गणितानं आधी काढलं. आजच्या उधाणाला पाणी रेघेला टेकायला हवं होतं, खाडी ओसरायला लागल्यावर. टेकलं तर उद्या साहेबांपुढं उभी राहीन. नाहीतर गप्प बसेन. पण त्यांनी आज मला कामावर थांबवून ठेवलं, भरती हुकली. आत्ता बघते तर रेघच नाही.

मथुरा : ...मी घासली.

अंजनाबाई : शाबास. कधी?

मथुरा : भरतीला होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या, खाडी ओसरायला लागली, मग. काथ्या घेऊन पायऱ्या उतरले.

क्षमा : तेव्हा पाणी कुठं होतं, मावशी?

मथुरा : कुठं म्हणजे? रेघेलाच लागलेलं. खालून गेरू विरघळत होता, तांबडं तांबडं पाणी. म्हणून तर जास्त भ्या वाटलं. लुगडं भिजलं माझं.

क्षमा : आणखी वर नाही चढलं?

मथुरा : नाही. मी निघाले तेव्हा उतरायला लागलेलं. असं काय बघतेस? तुझ्या बाजूनं बोलायला नव्हते आले मी.

अंजनाबाई : म्हणूनच तुझं खरं धरते. माझा जन्म त्या विहिरीवर गेला, मथुरा. पाणी चढताना रोज पाहिलं. पण उद्या इथवर चढेल, असं आधी सांगणारं माणूस नाही पाहिलं. क्षमा, तुझं कालवण अजून पाणीच असतं, ते मी म्हणणारच. पण जमिनीच्या पोटातलं तुला कळतं. उद्या साहेबापुढं खाली बसू नकोस. आणि परत रेघ ओढशील तेव्हा हाक मार, दोरी मी धरीन.