माझ्या मशीनवर चालतं

हॅलो?… हो, सुशांतच. बोल उल्का, पोचलीस का के. आर. पुरमला?… मग बसलं का आपलं पॅकेज क्लाएंटच्या मशीनवर?… नाही? का नाही?… अगं, ओरडू नकोस, इथे राजाजीनगरच्या ऑफिसपर्यंत ऐकू येतंय. स्क्रीनवर काय आलंय ते वाच.

हं… लायब्ररीची फाइल मागतंय. मग दे की! तिसरी फ्लॉपी घाल… घातलीस? आता ती लायब्ररी आणखी एक मागतेय?… हो, हो… अगं ऐक ना, त्यांचं तसंच असतं. एकाला जेवायला बोलवावं तर तो मेव्हण्यालाही घेऊन येतो. पाचवी फ्लॉपी बघ.

काय? जुनी लायब्ररी आडवी येतेय? काढून टाक!… बाकीच्या प्रोग्रामना ती लागते म्हणतंय? म्हणू दे! कोण कुणावर अवलंबून आहे ते बघूच नकोस, अशी कमांड दिलीय ना तुला लिहून? तीच मार… अगं, मी सांगतोय ना! जितेंद्र सर अमेरिकेला उगाच पाठवतायत का मला? सोमवारी मद्रासला व्हिसाची मुलाखत आहे माझी. मार बिनधास्त.

झालं? बघ!… आता नवी बसव… बसत नाही? मग फाइलींची यादी काढ… तीही येत नाही?… काहीच चालत नाही?… म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रामही त्याच जुन्या लायब्ररीवर चालत होता?… हं… स्वल्प, जरा थांब.

पण माझ्या मशीनवर चालतं गं!… काय काय घातलंय, ते आता कसं सांगू? दीड वर्षं जे लागलं ते घालत गेलो… लिहून? चालतंय ते कशाला लिहायचं!

डेमो तीनला?… सर शेजारीच आहेत? नको, नको, फोन देऊ न…

नमस्कार सर!… हो सर, माझ्या मशीनवर शंभर टक्के चालतं… मशीनच घेऊन येऊ? येतो ना सर! ऑटो करतो, मॉनिटर मांडीवर घेतो… डेमोनंतर तिथेच ठेवायचं? सरी सर, ठेवतो… मीही तिथेच?… हो, आत काय आहे ते मलाच ठाऊक, पण… किती दिवस सर?… मशीन चालेल तोवर?

पण सर, सोमवारी मद्रासला… कोण, उल्का?… अमेरिकेला उल्का जाणार?… का सर?… तिच्यावाचून इथलं काही अडत नाही म्हणून?…

सर, मी लिहून काढतो! सगळं, आजच्या आज! सर?… हॅलो?… हॅलो?